आधी ठेका, मग सूर: बागेतले पक्षी कानाने ओळखताना

पुण्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या बागेत मार्च महिन्यात सकाळी साडेसहाला उभं राहिलं, तर एका वेळी सात-आठ जातींचे पक्षी बोलत असतात. दिसतात त्यांतले दोन-तीनच. बाकीचे आंब्याच्या पानांत, बुचाच्या शेंड्यावर नाहीतर जास्वंदीच्या कुंपणात दडलेले. दुर्बीण घेऊन केलेली यादी आणि कान देऊन केलेली यादी यांत म्हणूनच मोठी तफावत पडते.

आवाज शिकायला बसलेले बहुतेक जण सुरापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. वहीत 'गोड शीळ' लिहिलं की आठवड्याभराने त्या शब्दांवरून काहीही आठवत नाही. बागेतले निम्मे पक्षी गोड शीळच घालतात. ठेका मात्र डोक्यात बसतो. अनोळखी आवाज आला की आम्ही चार प्रश्न विचारतो आणि क्रम बदलत नाही. स्वर किती? दोन स्वरांमधलं अंतर सारखं आहे की कमी-कमी होत जातं? पट्टी चढते, उतरते की जागच्या जागी राहते? आणि सगळ्यात शेवटी पोत: स्वच्छ शिट्टी, खरखर की धातूचा टणत्कार. ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय नावाकडे जायचं नाही. नाव आधी सुचलं की कान तेच ऐकायला लागतो.

सुरुवातीला फेब्रुवारी उत्तम. त्या सुमारास पुण्यात पानगळ चालू असते, सावर आणि पांगारा उघडेबोडके होऊन फुलावर येतात, त्यामुळे गाणारा पक्षी दिसण्याची शक्यता भरपूर. शिवाय तेव्हा गाणारे मोजकेच असतात. एप्रिलपर्यंत बऱ्याच जणांची विण लागते आणि पहाटे नुसता कल्लोळ होतो. जूनमध्ये सुरुवात करणाऱ्याचे हाल होतात: झाडं पानांनी भरलेली, वर पावसाचा आवाज, त्यात बेडूक आणि रातकिडे.

जागा एकच धरावी. रोज नवी टेकडी, नवं उद्यान असं करत गेलं की प्रत्येक आवाज कायम नवाच वाटतो. एका बागेत ठरावीक बाकावर, पाठ भिंतीला लावून, सूर्योदयाच्या आधी पंधरा मिनिटं ते नंतर अर्धा तास, एवढं पुरतं. पाठीला भिंत हवी ती रस्त्याचा आवाज अडवायला. वाहनांची घरघर खालच्या पट्टीत असते आणि नेमकी त्याच पट्टीत भारद्वाज आणि होले बोलतात. गर्दी सुरू झाली की ते आधी गायब होतात. रविवारी हे पक्षी 'वाढतात' त्याचं कारण एवढंच. दोन्ही तळहात कानांमागे वाटीसारखे धरून डोकं हळूहळू फिरवलं की आवाजाची दिशा बऱ्यापैकी नेमकी कळते. दिसायला विचित्र, पण दिशा शोधायला याहून स्वस्त साधन नाही.

वहीत शब्द कमी आणि खुणा जास्त लिहाव्यात. लांब स्वराला आडवी रेघ, तुटक स्वराला टिंब, चढत्या स्वराला वर जाणारी तिरकी रेघ, उतरत्याला खाली येणारी, खरखरीला नागमोडी. खुणांच्या शेजारी एका दमात किती वेळा ते, आणि मध्ये किती थांबतो ते. कोकिळाची नोंद वर सरकत जाणाऱ्या सात-आठ तिरक्या रेघांची आणि मग एकदम कोऱ्या जागेची होते. तांबटाची पानभर एकाच ओळीतल्या टिंबांची. पान उलटल्यावर चित्रावरून आवाज पुन्हा म्हणता येतो, शब्दांवरून येत नाही.

पक्ष्यांकडे वळण्यापूर्वी खार बाजूला काढावी लागते. नवशिक्यांच्या यादीतल्या अनेक 'अनोळखी पक्ष्यां'मागे खार निघते. तिचं 'चिक्-चिक्-चिक्' धारदार असतं, पाच-पाच, दहा-दहा मिनिटं न थकता चालतं आणि उंच फांदीवरून येत असल्याने हमखास पक्ष्याचं वाटतं. खूण अशी की ती प्रत्येक 'चिक्'बरोबर शेपटी झटकते. आणि ठेका जवळजवळ कधीच बदलत नाही. पक्षी इतका वेळ एकाच जोरात ओरडला तरी मध्ये जागा बदलतो. खार अशी ओरडत असेल तर खाली मांजर आहे का बघावं. बहुतेकदा असतं.

सगळ्यात सोपा गट ठेकेवाल्यांचा. तांबट 'टुक्-टुक्-टुक्' असं मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशेच्या लयीत बोलतो. सुरुवातीचे दोन-तीन ठोके दबके, मग आवाज भरतो आणि लय अजिबात न हलता चालू राहते. त्याला शोधताना मात्र फजिती होते. बोलताना तो चोच उघडत नाही, गळ्याची कातडी फुगवतो, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर डोकं इकडे-तिकडे वळवतो. त्यामुळे आवाज कधी या झाडातून, कधी त्या झाडातून आल्यासारखा वाटतो. कानावर विसंबून राहू नये. आसपासच्या झाडांचे सुकलेले, उन्हात आलेले शेंडे एकेक करून दुर्बिणीने तपासावेत. सकाळी ऊन खात बसायला त्याला तेच आवडतात.

त्याचा मोठा भाऊबंद तपकिरी डोक्याचा तांबट. 'कुर्रर्र' अशी गुरगुर करून सुरू होतो आणि मग 'कुटुर्र, कुटुर्र, कुटुर्र' असं दोन-अक्षरी पालुपद धरतो. एकाने सुरू केलं की शेजारच्या वडावरून दुसरा आणि तिकडून तिसरा उत्तर देतो. कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावर हेच काम पांढऱ्या गालाचा कुटुर्गा करतो, आणि दोघांचे आवाज इतके जवळचे की जिथे दोन्ही असतात तिथे कानावरून निकाल देऊ नये. यादीत 'तांबट जातीचा, मोठा' एवढंच लिहिणं हा प्रामाणिक मार्ग. दिसला तर डोळ्याभोवती मोठी नारंगी-पिवळी उघडी कातडी कोणाला आणि गालावर पांढरा पट्टा कोणाला, हे लगेच कळतं.

भारद्वाज खर्जातला. 'हूप्-हूप्-हूप्-हूप्', छातीतून आल्यासारखा, कधी उतरत जाणारा. रोजचा आवाज असूनही तो ऐकून कित्येक जण वर वानर शोधतात.

मग कोकिळ-कुळ. इथे एक नियम सगळ्यांना लागू: चढत जाऊन अचानक तुटणारं गाणं ऐकू आलं की हेच घराणं आहे असं धरावं. कोकीळ नराचं 'कुऽऊ' प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण सूर वर जातं, जोरही वाढतो, आणि सातव्या-आठव्याला तार तुटावी तसं थांबतं. मादी गात नाही. तिचं 'किक्-किक्-किक्-किक्' भरभर आणि खणखणीत, ते ऐकू आलं की आसपास कावळ्याचं घरटं आहे का बघावं. पावशा तीन अक्षरांचा, 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा', आणि हाही प्रत्येक वेळी एक पायरी वर चढून कर्कश टोकाला पोचतो, थांबतो, पुन्हा तळापासून सुरू. एप्रिलपासून ढगाळ दिवशी आणि रात्रीही. दोघांची गल्लत लांबून होते, कारण अंतरामुळे अक्षरं विरघळतात आणि फक्त चढण उरते. तेव्हा एका चढणीतली अक्षरं बोटांवर मोजावीत: दोन-दोनच्या जोड्या असतील तर कोकीळ, तीन-तीनच्या असतील तर पावशा. कारुण्य कोकिळा पावसाळ्यात येते. तिची बारीक, रडवेली 'पीऽ, पी-पिपी' अशी शीळ तारेवरून किंवा उघड्या शेंड्यावरून येते आणि तीही चढते. ती जिथे घुटमळते तिथे वटवट्या किंवा शिंपी यांची घरटी असणार, कारण अंडी तिला त्यांच्याच घरात घालायची असतात. चातक जूनच्या सुमारास. त्याची 'पियू, पीपी-पियू' हाक धातूसारखी आणि घाईची.

होल्यांना सगळे जण 'कबुतर' म्हणून सोडून देतात. खरं तर मोजायला येणाऱ्या माणसाला त्यांच्यासारखे सरळ पक्षी दुसरे नाहीत. छोटा तपकिरी होला 'कु-रू-रू-रू-रू' असं पाचेक स्वरांचं हलकं, घरंगळणारं हसू काढतो. कंठी होला तीनच स्वर देतो आणि मधला लांबवतो: 'कु-कूऽ-कु'. ठिपकेवाल्या होल्याच्या सुरुवातीला 'क्रूक्-क्रु' असतं आणि शेवटी 'क्रू, क्रू, क्रू' किती वेळा येईल हे त्याच्या मर्जीवर. पारवा घुमतो, त्याला वेगळे सुटे स्वर नसतात. होल्यांनी सुरुवात केलेल्यांचा कान लवकर तयार होतो, हे आम्ही नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण दयाळापासूनच सुरू करतो.

आता कुंपण. खरी कसोटी इथे लागते: शिंपी, राखी वटवट्या, शिंजीर आणि फुलटोच्या. चौघंही अंगठ्याएवढे, चौघंही सतत बोलणारे, आणि चौघांचेही आवाज 'चिवचिव' या एका शब्दाखाली गाडले जातात.

शिंप्याचा आवाज त्याच्या आकाराला न शोभणारा मोठा असतो. 'ट्वीट्-ट्वीट्-ट्वीट्-ट्वीट्', सेकंदाला दोन-तीन, सगळे स्वर अगदी एकसारखे, जणू एकाच छापातून काढलेले. कधी तो 'ट्वीट्' सोडून 'पिट्-पिट्-पिट्'वर जातो, पण तेव्हाही लांबलचक माळ एकाच ठशाची. मध्ये अक्षर बदलत नाही, हीच ओळख. राखी वटवट्याही एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणतो, पण त्याचा शब्द दुहेरी आणि घासलेला: 'टिच्युप्-टिच्युप्-टिच्युप्'. शिंपी खणखणीत, वटवट्या किंचित नाकातला. एवढ्यावर मन भरत नसेल तर तो उडण्याची वाट बघावी. एका झुडपातून दुसऱ्यात जाताना राखी वटवट्याकडून ठिणग्या उडाल्यासारखे 'टट्-टट्-टट्' असे कोरडे आवाज येतात. पंखांचे असावेत असं मानलं जातं. बागेतल्या दुसऱ्या कुठल्याही एवढ्याशा पक्ष्याकडून असे येत नाहीत, तेव्हा हे ऐकलं की विषय संपला. घाई करणारे नेमके इथे चुकतात, पक्षी उडाला की मान वर करून त्याला बघायला लागतात आणि कान बंद पडतो.

शिंजिराचा प्रकार वेगळा. त्याचं गाणं एका छापाचं नसतं, उतावीळ आणि मिसळलेलं असतं. जांभळा शिंजीर उघड्या फांदीच्या किंवा केबलच्या टोकावर बसून 'चीविट्-चीविट्-चीविट्' असं भराभर ओततो आणि एरवी एकेकट्या, वर खेचलेल्या 'स्वीऽट्' हाका मारतो. जांभळ्या पाठीच्या शिंजिराची हाक 'सिस्-स्वी, सिस्-स्वी' अशी दोन तुकड्यांची, सुईच्या टोकासारखी बारीक. दोघं एकाच जास्वंदीवर येतात, म्हणून झाडावरून ओळख पटत नाही. एक तुकडा की दोन तुकडे यावरून पटते. विण संपली की जांभळ्या शिंजिराच्या नराचा रंग उतरतो, तो मादीसारखा पिवळट दिसतो आणि छातीच्या मधोमध फक्त एक काळी पट्टी राहते. त्या दिवसांत पाहून ओळखण्यापेक्षा ऐकून ओळखणं सोपं जातं.

फुलटोच्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त निसटणारा. 'चिक्... चिक्... चिक्' असे सुटे, कोरडे, कात्रीसारखे आवाज, बहुतेक वेळा उडता-उडता. शोधायची युक्ती कानाची नाही, झाडाची आहे: आंब्यावर बांडगूळ असेल किंवा आवारात सिंगापूर चेरी असेल तर तिथे जाऊन उभं राहायचं. बांडगुळाची चिकट फळं तो खातो आणि बिया पुढच्या फांदीवर टाकतो, त्यामुळे बांडगूळ आणि फुलटोच्या ही जोडी सहसा फुटत नाही. तिथे जे 'चिक्' ऐकू येतं ते आधी पाहून पक्कं करावं. मग दुसरीकडे ओळखता येतं. खारीच्या 'चिक्'पेक्षा हे फार हलकं आणि सुटं-सुटं असतं.

बुलबुलांबद्दल थोडक्यात. लालबुड्या बुलबुल घशातून बोलतो, दोन-तीन जाडसर स्वर, गुळगुळीत नाहीत, शेवट खाली टेकलेला. शिपाई बुलबुल स्वच्छ शिट्टीचा, 'कीक्-पिटीग्रू' असा उसळता, आणि शेवट मोकळा. दोघांचेही धोक्याचे 'पिक्-पिक्' जवळपास सारखे, ते सोडून द्यावेत. बुलबुल कसोटीला चांगले, कारण ते दिवसभर बोलतात आणि दिसतातही.

खंड्याचं खिदळणं, टिटवीचं 'टिटी-टिव्', पोपटांचा कलकलाट, वेड्या राघूचं 'ट्री-ट्री' यांना शिकवावं लागत नाही. राखी धनेश आणि घार मात्र गोंधळात टाकतात. घारीची शीळ एका लांब थरथरत्या श्वासात उतरत जाते. धनेशाची किंचाळी तुटक, पुन्हापुन्हा येणारी, आणि ती वड-पिंपळ-उंबराच्या आतून येते, आकाशातून नाही.

दयाळाकडे सगळ्यात शेवटी यावं. त्याचं गाणं सुंदर यात वाद नाही, पण शिकायला तो वाईट गुरू. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत नर पाण्याच्या टाकीवर किंवा अँटेनावर चढून उजाडायच्या आधीपासून गातो, आणि मधूनच इतरांच्या हाका उचलून आपल्या गाण्यात घालतो. एका सकाळी एकाच टाकीवरून तीन-चार जातींचे तुकडे ऐकू आले, तर टाकीवर तीन-चार पक्षी नाहीत. नकलेची खूण मांडणीत असते. खऱ्या बुलबुलाच्या हाकेपुढे-मागे शांतता असते किंवा दुसऱ्या बुलबुलाचं उत्तर. दयाळाच्या तोंडचा बुलबुल लगेच दुसऱ्या वाक्यात मिसळतो, आणि त्याची सगळी वाक्यं साधारण सारख्या लांबीची, मध्ये सारखा विराम घेऊन येतात. आवाजाचा जोरही सगळीकडे सारखा असतो. म्हणून वाक्य तोडून ऐकू नये, निदान अर्धा मिनिट अखंड ऐकावं.

याच पक्ष्यामुळे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जुलैनंतर दयाळ गाणं जवळजवळ सोडतो आणि लोक समजतात, तो गेला. तो तिथेच असतो. त्याची लांब, किंचित केविलवाणी 'स्वीऽ' आणि भांडणातली 'चर्र-चर्र' वर्षभर चालू असते. गाणं विणीच्या हंगामाचं, बहुतांशी नराचं. हाका बारमाही, दोघांच्या. फोनवर ध्वनिमुद्रणं ऐकून शिकणाऱ्यांना गाणी पाठ असतात आणि हाका ठाऊक नसतात, म्हणून त्यांची यादी ऑक्टोबरात निम्मी होते. प्रत्येक जातीची किमान एक हाक गाण्याबरोबरच शिकून ठेवावी.

हाकांचा एक खास प्रसंग रोज घडतो. शिंपी, बुलबुल, शिंजीर, कोतवाल असे न जुळणारे पक्षी एकाच झाडाभोवती एकाच वेळी तुटून बोलायला लागले की तिथे शत्रू आहे: बसलेला शिक्रा (छोटा शिकारी पक्षी), दिवसा झोपेतून उठलेला पिंगळा, धामण, मांजर किंवा घरट्यातली अंडी-पिल्लं शोधणारा भारद्वाज. जातींची ओळख पटवायला ही फार उपयोगी वेळ, कारण एरवी दडणारे सगळे उघड्यावर येतात आणि तोंड हलताना दिसतं. मात्र कोतवालाचं ऐकताना जरा जपून. तो शिक्र्याच्या हाकेची नक्कल करून साळुंक्यांना पळवतो आणि त्यांनी टाकलेला किडा उचलतो. आकाशात काही नसताना शिक्रा ऐकू आला तर आधी तारेवर कोतवाल आहे का बघावं.

ॲपचं काय? कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या 'मर्लिन'मध्ये आवाजावरून ओळख पटवायची सोय २०२१ मध्ये आधी उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांसाठी आली. आता आपल्याकडचे पक्षीही त्यात आहेत. भारताचा संच आधी उतरवून घेतला की नेटशिवाय चालतं. ते आवाज 'ऐकत' नाही, आवाजाचं चित्र बघतं: डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर पट्टी, जितका जोर तितकी ठळक रेघ. म्हणून चित्र बिघडवणारी प्रत्येक गोष्ट त्याला फसवते. वारा, पाण्याची मोटर, शेजारी बोलणारा माणूस, पानांआडून आलेला अर्धा आवाज. दयाळाची नक्कल ते प्रामाणिकपणे मूळ पक्ष्याच्या नावावर टाकतं. मधूनच एकदा उमटून पुन्हा न आलेलं नाव यादीत घेऊ नये. तेच नाव वेगळ्या जागेवरून तीन-चारदा उमटलं आणि स्वतःच्या चार प्रश्नांची उत्तरं त्याच्याशी जुळली, तरच घ्यावं. ॲपचा खरा उपयोग दुसराच आहे. नाव झाकून चित्राकडे बघायची सवय लावली की शिंप्याच्या एकसारख्या उभ्या रेघा आणि कोकिळाच्या वर वाकलेल्या आकड्या डोळ्यांना दिसतात, आणि मग कानालाही.

ध्वनिमुद्रण करायचं असेल तर साध्या फोनवर भागतं, फक्त चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. फोनच्या रेकॉर्डरमधला आवाज-सफाईचा पर्याय बंद करावा. तो माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि तांबटासारखा एकसुरी ठोका गोंगाट समजून पुसतो. साठवण डब्ल्यूएव्ही प्रकारात, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर. एमपी३ किंवा व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटने वरच्या पट्टीतले बारीक स्वर आधी जातात, म्हणजे शिंजीर आणि चष्मेवाला (डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला चिमुकला पक्षी). माइक बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला असतो, तेव्हा कव्हर काढून ती कड पक्ष्याकडे धरावी आणि हात स्थिर ठेवावा. बोटं सरकल्याचा आवाज पक्ष्यापेक्षा मोठा येतो. किमान तीस सेकंद मुद्रित करून, शेवटी तारीख, वेळ, जागा आणि पक्षी दिसला की नाही हे त्याच फायलीत बोलून ठेवावं. 'बघून पक्कं' आणि 'फक्त ऐकलं' यांत फरक केलेला नसेल तर पुढे त्या फायलीचा काही उपयोग नाही. पडताळणीला 'झेनो-कँटो' हा २००५ पासून चालू असलेला, जगभरातल्या मुद्रणांचा खुला संग्रह आहे. तिथे शोधताना आपल्या भागातली मुद्रणं आधी ऐकावीत. एकाच जातीचे आवाज प्रदेशाप्रमाणे बदलतात.

मुद्रित आवाज बागेत वाजवून पक्ष्याला बोलावू नये. विणीच्या दिवसांत नर प्रतिस्पर्धी आला म्हणून घरटं, खाणं, गाणं सोडून येतो, पुन्हापुन्हा येतो, आणि तोवर घरट्याकडे कोणाचं लक्ष नसतं. शिकायला ऐकायचं तर घरी, इअरफोन लावून.

रोजची यादी ठेवताना कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी बसून जेवढे पक्षी ऐकले-पाहिले तेवढे सगळे लिहावेत आणि ती 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी म्हणून टाकावी. दर फेब्रुवारीत होणाऱ्या जागतिक पक्षीगणनेलाही हाच हिशेब लागतो. ओळख न पटलेल्या आवाजाला खोटं नाव देण्यापेक्षा त्याची जागा रिकामी ठेवलेली बरी. दोघं जण असतील तर एकाने डोळे मिटून फक्त कानाने, दुसऱ्याने फक्त डोळ्यांनी यादी करावी आणि नंतर जुळवावी. कोणाचं काय निसटतं ते नेमकं कळतं, आणि बहुतेक वेळा कानवाल्याचे शिंजीर-फुलटोचे आणि डोळेवाल्याचे होले निसटलेले असतात.

हिवाळी पाहुण्यांचं गणित सगळ्यांत वेगळं. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत ते इथे राहतात, पण सहसा गात नाहीत. शिकायला फक्त एकेक अक्षर मिळतं. दाट कुंपणातून दर काही सेकंदांनी दगडावर दगड आपटल्यासारखं 'चक्' येत असेल आणि काहीच हलताना दिसत नसेल, तर तो ब्लिथचा बोरू वटवट्या. झाडाच्या वरच्या भागातून दोन तुकड्यांचं 'चि-स्ली' आलं तर हिरवट पर्णवटवट्या. हा मार्च-एप्रिलमध्ये परत निघण्यापूर्वी कधीकधी थोडं गातोही. लाल छातीचा माशीमार कोरडा 'ट्रर्र' काढतो आणि शेपटी वर फेकतो. काळा थिरथिरा गच्चीच्या कठड्यावरून 'टिक्-टिक्' करत शेपटी थरथरवतो. या चौघांना शिकताना एक बरं असतं: महिनोन् महिने ते त्याच कुंपणात, त्याच कठड्यावर असतात, त्यामुळे आज दिसला नाही तरी उद्या त्याच जागी उभं राहता येतं.

वय वाढतं तसं वरच्या पट्टीचं ऐकणं कमी होतं. बागेत ते पहिल्यांदा चष्मेवाला, शिंजीर आणि फुलटोच्या यांच्यावर जाणवतं. तरुण मुलं वर बोट दाखवतात आणि साठीतल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. कोकीळ, तांबट, होले मात्र शेवटपर्यंत नीट ऐकू येतात, म्हणून फरक लवकर लक्षात येत नाही. अशांनी ॲपमधलं आवाजाचं चित्र समोर चालू ठेवावं. डोक्यावरून चष्मेवाल्यांचा थवा गेला की वरच्या पट्टीत बारीक रेघा उमटतात आणि दुर्बीण कुठे न्यायची ते कळतं. श्रवणयंत्र असेल तर त्यातलं गोंगाट कमी करणारं सेटिंग बागेपुरतं बंद करता येतं का, हे श्रवणतज्ज्ञांना विचारावं. बऱ्याच यंत्रांत संगीत ऐकण्यासाठी वेगळं सेटिंग असतं; पक्ष्यांना तेच जास्त उपयोगी पडतं.